जाम झालेलं इंजिन सोडवलं, त्याची गोष्ट

वडिलांचा तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर चार पावसाळे लिंबाखाली उभा होता. सायलेन्सरवर उपडा घातलेला डबा वाऱ्याने कधी उडाला, कुणाला कळलंच नाही. पाणी थेट आत. सेल्फ मारला तर नुसता 'टक्'. बॅटरी मात्र चांगली होती.

गावातले म्हणाले, गिअरमध्ये टाक अन् दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढ, सुटतंय की! मी ऐकलं नाही. पिस्टनच्या रिंगांनी गंजून लायनर (सिलिंडरची आतली भिंत) धरला असेल तर तशा ओढण्यात रिंगा तुटतात, कनेक्टिंग रॉडही वाकतो.

सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे तिन्ही नोझल काढले. तिसऱ्या भोकात तार घालून बाहेर काढली, तर टोकाला तांबडा चिखल! डिझेल आणि पॉवर स्टिअरिंगचं तेल निम्मं-निम्मं करून तिन्हींत ओतलं. दोन भोकांतलं तेल रात्रीतून खाली उतरायचं, तिसऱ्यातलं जागच्या जागी. चोर तिथेच होता.

सहाव्या दिवशी सेल्फ उतरवला आणि त्या खिडकीतून पहार फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या जड चाकाच्या) दातांना लावली. जोर नाही, नुसतं मागं-पुढं. तासाभराने एक दात सरकला. संध्याकाळपर्यंत पूर्ण फेरा.

सेल्फ परत बसवून इंजिन आधी नोझलविना फिरवलं. साठलेलं तेल पिचकारीसारखं उडालं (तोंड लांब ठेवा). ते आत राहिलं असतं तर पिस्टन पुन्हा अडला असता. चेंबरमध्ये (खालच्या ऑइलच्या टाकीत) डिझेल उतरलेलं, म्हणून ऑइल आणि फिल्टर बदलला.

चालू झाला. तिसरा सिलिंडर अजून थोडा मिस मारतो. दिवाळीनंतर हेड (सिलिंडरवरचं झाकण) उघडणार आहे.