कबुतरांच्या घरवापसीवर काम सुरू करताय? अंतराचा आलेख जरा थांबवा

जर्मन पक्षीशास्त्रज्ञ क्रामरने 1950 च्या दशकात मांडलेली ‘नकाशा आणि होकायंत्र’ ही कल्पना तुम्ही वाचली असेल असं धरतो. आधी आपण कुठे आहोत ते ओळखायचं, मग घराची दिशा धरायची. एवढं वाचून झालं की नवशिक्याचा हात आपोआप आलेखाकडे जातो: आडव्या अक्षावर अंतर, उभ्यावर परतलेली कबुतरं आणि मध्ये एक रेघ. रेघेच्या अलीकडे पक्षी ओळखीच्या खुणांवर परततो, पलीकडे वासावर. मीही ती रेघ शोधत बसलो होतो. ती नसते.

हे जरा लांबण लावून सांगतो, कारण इथेच सगळे अडकतात. कबुतराच्या दृष्टीने प्रश्न जागा ओळखीची आहे की नाही हा असतो, किती किलोमीटर हा नंतरचा. एकाच बाजूला टप्प्याटप्प्याने सराव दिलेल्या पक्ष्याला त्या बाजूची 50 किलोमीटरवरची जागा ओळखीची असू शकते आणि उलट बाजूची 15 किलोमीटरवरची साफ अनोळखी. तुमचा आलेख मात्र 15 ला ‘जवळ’ म्हणतो. इटलीतल्या पिसा इथे पापी आणि सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला वासाची भूमिका दाखवली, त्यानंतरच्या प्रयोगांत वारंवार दिसलं की वास घेणं बंद केलेली कबुतरं अनोळखी जागेवरून भरकटतात, पण आधी तिथून उडालेली असतील तर बऱ्याचदा परततात. अंतर तेवढंच, निकाल उलटा. म्हणून वहीत पहिला रकाना ‘या जागेवरून पूर्वी सोडलंय का’, दुसरा ‘सराव कोणत्या बाजूला’, आणि मग अंतर. जुन्या नोंदींत पहिले दोन रकाने नसतील तर त्या नोंदी अंतराच्या प्रश्नासाठी वापरू नका. कितीही असल्या तरी नाही.

होकायंत्राचं, म्हणजे सूर्यावरून दिशा धरण्याचं, प्रकरण त्या मानाने सरळ आहे. कृत्रिम उजेडात ठेवून पक्ष्याचं शरीरघड्याळ 6 तास सरकवलं, की स्वच्छ उन्हात तो साधारण 90 अंशांनी चुकीकडे निघतो; सूर्याची दिशा तासाला सरासरी 15 अंश सरकते, त्याचा हा हिशेब. हा चकवा ओळखीच्या जागेवरही बसतो, फक्त तिथे तो बऱ्याचदा कमी भरतो, कारण खुणा मध्ये येतात. पृथ्वीच्या चुंबकत्वावरून दिशा धरण्याचं म्हणाल तर, अमेरिकन संशोधक कीटनने 1971 मध्ये ढगाळ दिवशी चुंबक लावलेली कबुतरं गोंधळल्याचं नोंदवलं, पण पुढे निकाल इतके स्वच्छ आले नाहीत. त्यावर प्रबंध बेतू नका.

आणि खुणांना फार मोठं करू नका. दुधी काचेसारखी भिंगं लावलेली, काही मीटरांपलीकडचं नीट न दिसणारी कबुतरंही लांबून निघून खुराड्याच्या परिसरापर्यंत पोचली आहेत. उलट ओळखीच्या वाटेवर जीपीएसने दिसतं की काही पक्षी चक्क हमरस्ते धरून उडतात आणि प्रत्येकाची वाट ठरून जाते, मग ती वाकडी का असेना.

मार्गदर्शक निवडताना माझा हट्ट एकच: ज्याने स्वतः दुर्बीण लावून पक्षी दिसेनासा होईपर्यंत मान वर ठेवली आहे, असा माणूस बघा. नुसते आढावा-लेख वाचायला सांगणाऱ्याकडे वेळ जातो. तयार सॉफ्टवेअरबद्दलही तेच; 350 आणि 10 अंशांची साधी सरासरी 180 येते, म्हणजे बरोबर उलटी दिशा, आणि यंत्र तुम्हाला हटकत नाही. दिशांसाठी वेगळी सांख्यिकी असते. घाबरू नका, सदिशांची बेरीज येत असेल तर तिचा गाभा एका दुपारी कळतो, दिशा खरंच एकीकडे झुकल्यात का ते तपासणाऱ्या रेली चाचणीसकट.

न परतलेल्या पक्ष्याची नोंद मात्र खोडू नका. तो वाट चुकला की ससाण्याने उचलला हे तुम्हाला माहीत नसतं, पण सुटताना त्याने कोणती दिशा धरली ते तुमच्या वहीत असतं, आणि नकाशाच्या प्रश्नाला तेवढं पुष्कळ होतं.