कॉकाटीलच्या पिल्लाला रमवण्यासाठी खेळ आणि खेळणी

कॉकाटीलच्या, म्हणजे डोक्यावर तुरा असलेल्या छोट्या ऑस्ट्रेलियन पोपटाच्या, पिल्लाची दाण्यांची वाटी सकाळी काठोकाठ भरून ठेवली की त्याचे दिवसभराचे काम पाव तासात आटोपते. त्याचे रानातले भाऊबंद मात्र ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळांवर थव्याने उतरून, गवताचे बी जमिनीवरून एकेक करून वेचत हिंडत असतात. पिंजऱ्यातल्या पक्ष्याकडे वेळ भरपूर आणि उद्योग काहीच नाही, अशी स्थिती झाली की किंचाळणे, सळया चावत बसणे, कधी स्वतःचीच पिसे उपटणे सुरू होते. (पिसे उपटण्यामागे आजारही असू शकतो, तेव्हा पशुवैद्याला आधी दाखवावे.) म्हणून खेळणे निवडताना पक्ष्याला त्यातून काम किती मिळेल, हे पाहावे, रंगांचे कौतुक आपल्याला असते.

येथे कॉकाटीलचाच विचार केला आहे, कारण आपल्या रानातले हिरवे पोपट वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित असून ते घरी पाळणे हा गुन्हा आहे.

हा पक्षी मुळात जमिनीवर चरणारा असल्यामुळे पहिले खेळणे टांगायचे नसून खाली मांडायचे असते, आणि त्यासाठी बांबूच्या नव्या सुपासारखी दुसरी वस्तू नाही. सूप शेणाने किंवा मेथीच्या लगद्याने सारवलेले नसावे. त्यात कोऱ्या कागदाचे चुरगळलेले बोळे, मक्याच्या कणसाची वाळलेली साले, दोन-चार मोठे लाकडी मणी असे काहीबाही पसरून मधून मधून चमचाभर दाणे टाकावेत. आमच्या पिल्लाने पहिल्या दिवशी सुपाच्या कडेवर उभे राहून केवळ मान वाकडी केली. तिसऱ्या दिवशी ते साले चोचीने उचलून मागे भिरकावत होते आणि दाणा सापडला तरी भिरकावणे काही थांबत नव्हते. सुपाऐवजी स्टीलची परात घेऊ नये, कारण तिच्यावरून पाय घसरतात आणि चकाकणाऱ्या तळात स्वतःचे प्रतिबिंब पाहून पक्षी बिचकतो.

नुकतेच स्वतःहून खाऊ लागलेल्या, म्हणजे साधारण ८ ते १० आठवड्यांच्या पिल्लाचे सगळे अन्न मात्र कधीही लपवू नये. निम्म्याहून अधिक आहार नेहमीच्या वाटीत राहू द्यावा आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज सकाळी त्याचे वजन करावे. मोठ्या कॉकाटीलचे वजन बहुधा ८० ते १०० ग्रॅमच्या आसपास असते, तेव्हा इतक्या लहान जिवात काही ग्रॅमची घटही मोठी असते. वजन स्थिर राहिले की लपवण्याचे प्रमाण हळूहळू वाढवता येते. दाणे घालून तोंड मुडपलेली कागदाची पुडी, सुपारीच्या पोवलीचा (झावळीच्या देठाकडच्या रुंद भागाचा) द्रोण उलटा घालून खाली ठेवलेला खाऊचा तुकडा, पिंजऱ्याच्या सळईला अडकवलेले बाजरीचे अख्खे कणीस, असे प्रकार आलटून पालटून करावेत. पक्ष्यांच्या दुकानात ज्या कणसाला भरपूर किंमत मोजावी लागते, ते राळ्याचे कणीस असते. गावाकडून कोणी राळा आणून दिला तर तो धुऊन, कडकडीत वाळवून वापरता येतो. त्याचा वापर रोजच्या जेवणासारखा न करता बक्षिसासारखाच करावा.

कुरतडणे ही दुसरी गरज. पेरूच्या किंवा शेवग्याच्या, औषध न फवारलेल्या, बोटाएवढ्या जाडीच्या फांद्या स्वच्छ धुऊन सालीसकट द्याव्यात. ती साल सोलण्यात दुपार निघून जाते. कण्हेर आणि रुई यांची काडीही आसपास नसावी. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस चोच चालवायलाही उपयोगी पडतो आणि त्यातून कॅल्शियमही मिळते. नारळाच्या करवंटीवरचे शेंडीचे तंतू पूर्ण खरवडून, कडा घासून, तिला भोके पाडली की त्यातून साले आणि कागदाच्या पट्ट्या ओवता येतात. रंगवलेली लाकडी खेळणी, सावंतवाडीची कितीही देखणी असली तरी, दिवाणखान्यातच शोभतात. चोचीने रंग खरवडला जातो आणि पोटात जातो.

टांगण्यासाठी दोरी कोणती, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. मी प्रथम घरातली सुतळी वापरली. नव्या सुतळीला रॉकेलसारखा वास येतो, कारण ताग मऊ करण्यासाठी त्याला खनिज तेल लावलेले असते; शिवाय ती उसवून तिचे तंतू मोकळे झाले आणि एका संध्याकाळी पिल्लाच्या नखाभोवती त्यांची गाठ बसलेली आढळली. नखे कापण्याच्या कात्रीने तंतू कापून पाय सोडवला, इजा झाली नाही, पण त्यानंतर सुतळी आणि सुती दोरखंड दोन्ही बाद केले. तंतू पोटात गेले तर अन्नपिशवीत त्यांचा गोळाही होऊ शकतो. फुलवाले गजरा बांधायला वापरतात ते केळीचे वाळलेले सोपट याहून चांगले, कारण ओढ बसली की ते तुटते. वजनदार वस्तूसाठी स्टेनलेस स्टीलची कडी घ्यावी. जस्ताचा मुलामा दिलेली तार किंवा साखळी चाटण्या-चावण्यातून विषबाधा होते, आणि शिशाच्या बाबतीतही तेच. हौसेने बांधलेले घुंगरू तर नकोच, कारण त्याच्या फटीत बोट किंवा चोच अडकते.

आरसा लावला की पक्षी तासन्‌तास त्याच्यापुढे बसतो, आणि लोकांना वाटते की त्याला आवडले. बऱ्याचदा तो त्या प्रतिबिंबाला जोडीदार समजून त्याला भरवू पाहतो आणि माणसांपासून तुटत जातो. मी आरसा काढून टाकला, तेव्हा चार दिवस रुसवा होता.

नवी वस्तू एकदम पिंजऱ्यात सोडू नये. पहिला दिवस ती खोलीत लांब ठेवावी, मग पिंजऱ्याजवळ, मग बाहेरून सळईला, आणि त्यानंतर आत. निर्णय तुऱ्यावर सोडावा: तो ताठ उभा असेल तर पक्षी दचकलेला किंवा सावध आहे, डोक्याला चिकटून तोंडातून फुत्कार येत असेल तर चिडलेला आहे, आणि सैलसर मागे झुकलेला असेल तर पुढे सरकायला हरकत नाही. एका वेळी तीन-चार खेळणी पुरतात. आठवड्याला एखादे काढून दुसरे लावले की जुनेच महिन्याने नवे होते.

या सगळ्याहून मोठे खेळणे म्हणजे घरातले माणूस. एका काडीच्या टोकाला चोच लावली की राळ्याचे दोन दाणे द्यायचे, हा खेळ पाच मिनिटांत समजतो आणि पुढे त्याच काडीने त्याला हातावर, वजनकाट्यावर, परत पिंजऱ्यात नेता येते. नर बहुधा शीळ लवकर उचलतो. रोज तीच छोटी धून वाजवून थांबावे, उत्तराला जागा द्यावी. आणखी एक खेळ तो स्वतःच शोधून काढतो: टेबलाच्या कडेवरून झाकण खाली ढकलायचे, वाकून पाहायचे आणि आपण ते उचलून देण्याची वाट बघायची. उन्हाळ्यात कोथिंबिरीची धुतलेली, पाणी निथळणारी जुडी ताटलीत ठेवली तर पिल्लू तिच्यात लोळून अंघोळ उरकते आणि थोडी खातेही.

बाहेर सोडण्यापूर्वी पंखा बंद आहे ना, खिडकीला जाळी किंवा पडदा आहे ना, हे दोनदा पाहावे. स्वयंपाकघर वर्ज्य समजावे, कारण नॉनस्टिक भांडे फार तापले तर त्याच्या वाफेनेच पक्षी दगावतो.

संध्याकाळी चोच चोचीवर घासल्याचा करकर आवाज येऊ लागला की पिल्लू पेंगुळले असे समजून खेळ थांबवावा. त्याला दहा ते बारा तास झोप लागते. कॉकाटील अंधारात दचकून पिंजऱ्यात फडफडाट करतात, म्हणून निजायच्या दांडीलगतची लोंबती खेळणी रात्रीपुरती काढून ठेवावीत आणि खोलीत एक मंद दिवा राहू द्यावा.