कुराशिकीची व्यापारी पेठ पायी पाहताना

सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात फिरलेल्या पुणेकराला जपानमधल्या ओकायामा शहराचे नाव परके नाही, कारण तिथल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवरच हे उद्यान उभे राहिले. ती मूळ बाग पाहण्यासाठी ओकायामाला गेलात, तर रेल्वेने साधारण पाव तासावर असलेली कुराशिकीची जुनी पेठ अवश्य पायी पाहावी.

स्थानकाच्या दक्षिण दाराने निघून सरळ चालत राहिल्यास दहा-पंधरा मिनिटांत ‘बिकान’ म्हणून ओळखला जाणारा हा भाग लागतो. वाटेत रस्त्यापासून जरा आत, १७९६ साली बांधायला घेतलेला ओहाशी घराण्याचा वाडा आहे; आपल्या पेठांतले वाडे आठवत तो आधी पाहावा.

‘कुरा’ म्हणजे कोठार. १६४२ पासून हे गाव शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाच्या, थेट अमलाखाली होते आणि आसपासची जमीन समुद्र हटवून मिळवलेली, खाजणाची असल्यामुळे तिथे खारटपणा सोसणारा कापूस पिकू लागला. तो कापूस आणि तांदूळ ज्या कालव्यातून पडावांनी वाहून नेला जाई, त्याच कालव्याकाठी आज पर्यटक छायाचित्रे काढतात. कोठारांच्या भिंती मात्र थांबून, जवळून पाहाव्यात. काळ्या चौकोनी कौलांच्या फरशा भिंतीवर बसवून त्यांच्या सांध्यांवर पांढऱ्या चुन्याचे जाड, फुगीर पट्टे ओढलेले असतात. या पट्ट्यांच्या आकारावरून अशा भिंतीला ‘नामाको’, म्हणजे समुद्रकाकडी या लांबट सागरी प्राण्याची भिंत म्हणतात. ही केवळ नक्षी नव्हे, आग आणि ओल यांपासून माल वाचवण्याची ती सोय होती.

कालव्याकाठी गर्दी होण्याआधी, सकाळीच फिरून घ्यावे. नंतर मागच्या होनमाची गल्लीत शिरावे, कारण माझ्या मते खरी पेठ तीच आहे: लाकडी गजांची दर्शनी बाजू असलेली अरुंद घरे आणि त्यांतली लहान दुकाने. तिथून पायऱ्या चढून आची देवळापाशी गेले की काळ्या कौलांचा सगळा पसारा खाली दिसतो. १८८९ च्या सूतगिरणीच्या लाल विटांच्या इमारतीत आता हॉटेल आहे. तिच्या आवारात घटकाभर बसता येते. १९३० साली स्थापन झालेल्या ओहारा कलासंग्रहालयात एल ग्रेकोचे चित्र आहे, मात्र संग्रहालय सहसा सोमवारी बंद असते, हे ध्यानात ठेवून दिवस ठरवावा.

शाकाहारी मंडळींनी एवढे लक्षात ठेवावे की नुसत्या भाज्या दिसणाऱ्या नूडल्सचा रस्साही बहुधा सुक्या माशाच्या अर्काचा असतो. तेव्हा पिशवीत घरचे काहीतरी कोरडे असू द्यावे.