बीजीपी ग्रेसफुल रिस्टार्ट लावताय? या चुका टाळा

जळगाव-भुसावळकडे छोटे आयएसपी (इंटरनेट पुरवणारे) चालवणाऱ्या पोरांकडून हे हमखास ऐकतो, की बीजीपीच्या (राउटर एकमेकांना रस्ते, म्हणजे रूट, सांगतात तो प्रोटोकॉल) कॉन्फिगमध्ये ग्रेसफुल रिस्टार्टची लाईन टाकली, आता राउटर बंद-चालू झाला तरी नेट जात नाही. तसं नाहीये भो. यात बंद पडते ती फक्त बीजीपीची प्रोसेस, पॅकेट पुढे पाठवायचं काम तेवढ्या वेळात चालूच राहायला पाहिजे, आणि त्याच भरवशावर शेजारचा राउटर तुमचे जुने रूट धरून ठेवतो. मे महिन्यात लाईट गेली, यूपीएसनेही दम तोडला, अख्खा बॉक्सच बंद, मग पॅकेट पाठवणार कोण?

उलट नुकसान होऊ शकतं. मधे स्विच असला की शेजाऱ्याला त्याचा पोर्ट अपच दिसतो, आणि दोन्हीकडे आरएफसी ८५३८ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या प्रोटोकॉलचं नियमपत्र) चा नोटिफिकेशन (जोडणी तोडतोय हा निरोप) सपोर्ट चालू असेल तर होल्ड टाइम (समोरून काहीच आलं नाही तर थांबायची मुदत) संपल्यावरही तो जुने रूट लगेच काढत नाही, दुसरी लिंक धडधाकट असताना ट्रॅफिक बंद बॉक्सकडेच ढकलत राहतो. म्हणून जिथे एकच बॉक्स आणि एकच पॉवर सप्लाय, तिथे फक्त हेल्पर मोड (शेजारी रिस्टार्ट झाला तर त्याचे रूट आपण धरायचे, आपले धरायला त्याला सांगायचं नाही) ठेवा असं माझं स्पष्ट मत आहे. एफआरआर या राउटिंग सॉफ्टवेअरमध्ये डिफॉल्टही तोच आहे.

दुसरी चूक मी स्वतः केलीय, रात्रभर जागलो होतो. कॉन्फिग टाकलं पण सेशन (शेजाऱ्याशी असलेली बीजीपी जोडणी) क्लिअर केलं नाही, म्हणजे तोडून नव्याने जोडलं नाही. ही कॅपॅबिलिटी (मला हे फीचर येतं ही घोषणा) जोडणी उभी राहतानाच्या ओपन मेसेजमध्येच ठरते, त्यामुळे सेशन नव्याने उभं राहीपर्यंत काहीच लागू होत नाही. क्लिअर केल्यावर शो बीजीपी नेबर या कमांडमध्ये ग्रेसफुल रिस्टार्टपुढे अ‍ॅडव्हर्टाइज्ड आणि रिसीव्हड दोन्ही दिसतंय का बघा, एकच दिसलं तर समोरच्या अपस्ट्रीमला (ज्याच्याकडून नेट घेता त्याला) फोन लावा.

टेस्ट करताना सर्व्हिस स्टॉप करू नका. तसं केलं की शेजाऱ्याला नोटिफिकेशन जातं आणि २००७ च्या मूळ आरएफसी ४७२४ प्रमाणे तो रूट काढून टाकतो, मग वाटतं फीचरच खराब आहे. बीजीपीडीला (एफआरआरची बीजीपी प्रोसेस) किल -९ द्या, म्हणजे निरोप न पाठवता ती मरते. आणि अख्खं एफआरआर रिस्टार्ट करणार असाल तर झेब्राला (कर्नलमध्ये रूट टाकणारी एफआरआरची प्रोसेस) कॅपिटल -के (-K) ऑप्शनमध्ये सेकंद द्या, नाहीतर कर्नलमधले आपले जुने रूट तो उठल्या उठल्या झाडून टाकतो.

बीएफडी (शेजारी पडला की झटकन ओळखणारा प्रोटोकॉल) लावलंय? ते राउटरच्या सीपीयूवरच चालत असेल तर रिस्टार्टमध्ये तेही पडू शकतं आणि शेजारी जुने रूट धरून न ठेवता सगळं काढतो. आधी ते तपासा.

टायमरचं थोडक्यात: रिस्टार्ट टाइम (सिस्को, एफआरआरमध्ये १२० सेकंद) फक्त सेशन परत उभं राहीपर्यंतचा, स्टेलपाथ टाइम (३६०) रूट परत येईपर्यंतचा, त्यामुळे फुल टेबल (अख्ख्या इंटरनेटचे रूट) घेत असाल आणि बॉक्स जुना असेल तर दुसरा वाढवा, पहिला नाही.

नेटवर्कच्या आत ओएसपीएफ (आपल्याच राउटरांमधला राउटिंग प्रोटोकॉल) असेल तर त्याच्या ग्रेसफुल रिस्टार्टच्या मुदतीत, म्हणजे ग्रेस पिरियडमध्ये, दुसरीकडची लिंक पडली की हेल्पर मधेच बाहेर पडतो, लोक याला बग समजून स्ट्रिक्ट एलएसए चेकिंग (नेटवर्क बदलल्याचा निरोप, म्हणजे एलएसए, आला की मदत थांबवणारी सेटिंग) बंद करतात. करू नका, लूप (पॅकेट गोल गोल फिरत राहणं) होऊ नये म्हणूनच ते आहे.