दुसरी पृथ्वी सापडली अशी बातमी आली की ती तपासायची कशी

दर थोड्या दिवसांनी हेडलाइन येतेच, पृथ्वीसारखा ग्रह सापडला, आणि सोबत निळ्या-हिरव्या गोळ्याचं सुंदर चित्र. ते चित्र आधी बाजूला ठेवा, ते कुणा चित्रकाराने काढलेलं असतं, परक्या ताऱ्याभोवतीच्या अशा छोट्या खडकाळ ग्रहाचा ढग-समुद्र दिसतील असा फोटो आजवर कुणाकडेच नाहीये. मग बातमीतले आकडे शोधा आणि एकेक करून आपल्या पृथ्वीला लावून बघा. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरतो. हे स्वतः एकदा करून बघाच असं मी मनापासून सांगेन, कारण आपली पृथ्वी नेमकी कशामुळे राहण्याजोगी आहे हे त्यातून जसं डोक्यात बसतं तसं नुसतं वाचून बसत नाही.

सुरुवात उजेडापासून करा. दोन आकडे लागतात, तारा सूर्याच्या किती पट तेजस्वी आहे आणि ग्रह त्याच्यापासून किती लांब आहे. अंतर मोजताना पृथ्वी ते सूर्य म्हणजे साधारण 15 कोटी किलोमीटर हे 1 धरायचं. आता ताऱ्याच्या तेजाला अंतराच्या वर्गाने भागा, झालं. पृथ्वीचं उत्तर 1 येतं. शुक्र 0.72 वर आहे, त्याचं 1.9 येतं, मंगळ 1.52 वर, त्याचं 0.43. 2016 साली जाहीर झालेला प्रॉक्झिमा बी हा ग्रह घ्या, आपल्यापासून 4.2 प्रकाशवर्षं लांब, त्याच्या ताऱ्याचं तेज सूर्याच्या फक्त 0.0015 पट, पण ग्रह ताऱ्याला अगदी चिकटून, 0.05 अंतरावर, म्हणजे उत्तर 0.6 च्या आसपास. उत्तर साधारण 0.35 ते 1 च्या आसपास आलं की शास्त्रज्ञ म्हणतात ग्रह हॅबिटेबल झोनमध्ये आहे, म्हणजे हवा योग्य असेल तर तिथे पाणी द्रवरूपात टिकू शकेल.

बहुतेक बातम्या इथेच संपतात, तुम्ही मात्र इथे थांबू नका. कारण चंद्राचं उत्तरसुद्धा 1 च आहे! सूर्यापासून तो आपल्याइतकाच लांब, तरी तिथे भर दुपारी 120 अंश सेल्सिअस आणि रात्री उणे 130 च्याही खाली. मंगळसुद्धा या झोनमध्ये आरामात बसतो. म्हणजे झोन ही नुसती पहिली चाळणी.

पुढचा प्रश्न हवेचा. बातमीत ग्रहाचं टेम्परेचर दिलं असेल तर ते मोजलेलं आहे की हिशोबाने काढलेलं ते नीट वाचा, बहुतेक वेळा ते हिशोबाचं असतं, म्हणजे ग्रहाला हवेचं पांघरूण नाही असं धरून काढलेलं. त्याच हिशोबाने पृथ्वीचं सरासरी तापमान उणे 18 येतं, खरं आहे 15 च्या आसपास. मधले 33 अंश आपल्याला हवेतली वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि असेच थोडे वायू मिळवून देतात. आणि शुक्राचं बघा, त्याचे ढग तीन चतुर्थांश उजेड परत फेकतात त्यामुळे आत शोषली जाणारी उष्णता पृथ्वीपेक्षाही कमी, कागदावर तो आपल्याहून थंड निघतो, पण प्रत्यक्षात जमिनीवर 460 अंशांच्या वर, कारण हवा आपल्या नव्वदेक पट जड आणि जवळपास सगळी कार्बन डायऑक्साइडची. मला हे उदाहरण फार आवडतं, हिशोबाचं तापमान आणि जमिनीवरचं तापमान या दोन किती वेगळ्या गोष्टी आहेत ते यात एका झटक्यात दिसतं.

आकार-वजनाचं झटपट होतं. ग्रहाची त्रिज्या पृथ्वीच्या 1.6 पटीपेक्षा मोठी असेल तर सावध व्हा, त्यापुढचे बरेचसे ग्रह खडकाळ नसून जाड वायूच्या थराचे निघतात. वजन दिलं असेल तर त्याला त्रिज्येच्या घनाने भागा (दोन्ही आकडे पृथ्वीच्या पटीत), 1 च्या जवळ आलं तर घनता पृथ्वीसारखी, म्हणजे घन सेंटिमीटरला साधारण 5.5 ग्रॅम. फार हलका ग्रह असेल तर तो हवा धरून ठेवू शकत नाही, पृथ्वीवरून निसटायला सेकंदाला 11.2 किलोमीटर वेग लागतो, मंगळावरून 5 आणि चंद्रावरून 2.4 पुरतो. 2015 मध्ये गाजलेला केप्लर-452 बी इथेच अडतो, वर्ष 385 दिवसांचं, तारा सूर्यासारखा, सगळं छान, पण त्रिज्या दीडपटीच्या वर आणि वजन मोजलेलंच नाही, त्यामुळे तो खडकाळ आहे की नाही हेच कुणी खात्रीने सांगू शकत नाही.

आता खरा मुद्दा, ज्यावर बातम्यांमध्ये एक ओळसुद्धा नसते. आज तापमान बरोबर असणं पुरत नाही, ते अब्जावधी वर्षं बरोबर राहायला हवं. सूर्य जन्मला तेव्हा आजच्यापेक्षा 30 टक्के मंद होता, तरी ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये मिळालेले सुमारे 440 कोटी वर्षं जुने झिरकॉन या टिकाऊ खनिजाचे कण तेव्हाही पृथ्वीवर पाणी असावं असं सुचवतात. सूर्य तापत गेला आणि पृथ्वी भाजली नाही, हे कसं? याचं मोठं उत्तर 1981 मध्ये वॉकर, हेज आणि कास्टिंग या शास्त्रज्ञांनी मांडलं. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, ते पाणी किंचित आंबट होऊन खडक झिजवतं, नद्या तो माल समुद्रात नेतात, तिथे त्याची कवचं आणि चुनखडी होऊन तळाशी बसते, मग पृथ्वीच्या कवचाच्या प्लेट्स सरकताना समुद्राचा तळ पृथ्वीच्या पोटात जातो आणि ज्वालामुखींतून तोच वायू परत बाहेर येतो. गंमत अशी की गरमी वाढली की झीज वाढते, वायू कमी होतो आणि पृथ्वी थंडावते. फार थंड झालं की झीज मंदावते पण ज्वालामुखी काही थांबत नाहीत, वायू साठतो, परत ऊब येते. सुमारे 70 कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी जवळजवळ पूर्ण गोठली होती त्यातून ती अशीच बाहेर आली असं मानतात. फक्त या चक्राला लाखो वर्षं लागतात, त्यामुळे आपण शे-दोनशे वर्षांत हवेत जे सोडलंय ते हे चक्र आपल्या हयातीत आवरून घेईल अशी आशा धरू नका.

म्हणून कुठल्याही नव्या ग्रहाबद्दल विचारायचं, पाणी, उघडा खडक आणि पोटातली उष्णता ही तिन्ही तिथे एकत्र टिकतील का? मंगळाचं वजन पृथ्वीच्या जेमतेम दहावा भाग, तो आतून लवकर थंडावला. शुक्राचं पाणीच गेलं. पाणी जातं कसं तेही बघून ठेवा, आपल्याकडे वर चढणारी वाफ दहा-पंधरा किलोमीटरवरच्या कडक थंडीत गोठून परत खाली येते, तिथे थंडी पुरेशी नसेल तर वाफ वर निसटते, सूर्याचे अतिनील किरण ती फोडतात आणि हायड्रोजन अवकाशात उडून जातो. शुक्रावर जड हायड्रोजनचं (म्हणजे ड्युटेरियमचं) प्रमाण आपल्या साधारण शंभरपट आहे, हलका उडाला आणि जड मागे राहिला.

चुंबकीय क्षेत्र, मोठा चंद्र, गुरूची ढाल (म्हणजे अवकाशातले दगड गुरू अडवतो ही कल्पना), हे मुद्दे नेहमी येतात पण त्यांना थोडं कमीच वजन द्या. शुक्राला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र नाही तरी हवा भरपूर आहे. चंद्रामुळे आपल्या अक्षाचा 23.4 अंशांचा कल फार डुलत नाही हे मात्र खरं, मंगळाचा बराच डुलतो.

ताऱ्याचा स्वभाव मात्र नक्की तपासा. लाल बटू तारे, म्हणजे सूर्याहून बरेच लहान, मंद आणि थंड तारे, तरुणपणी सतत भडकतात आणि त्यांचे झोनमधले ग्रह इतके जवळ असतात की त्यांची एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहायची दाट शक्यता असते. ट्रॅपिस्ट-1 या अशाच लाल बटू ताऱ्याभोवती सात ग्रह आहेत हे 2017 मध्ये जाहीर झालं तेव्हा केवढा आनंद झाला होता, 2023 मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने सगळ्यात आतल्या ग्रहाची उष्णता मोजली तर तिथे जाड हवेची खूण सापडली नाही. तो ग्रह झोनमध्ये बसतच नाही, त्याच्या पलीकडच्या ग्रहांची तपासणी चालू आहे.

आणि शेवटी कुठलातरी वायू सापडला, जीव असणार, अशी बातमी आली तर विचारा, एकच वायू आहे का जोडीला दुसराही? ऑक्सिजन आणि मिथेन एकमेकांना संपवतात, दोन्ही एकत्र भरपूर दिसले तर कुणीतरी ते सतत बनवत असलं पाहिजे. ही परीक्षा एका ग्रहावर घेऊन झालेली आहे, गुरूकडे निघालेलं गॅलिलिओ यान डिसेंबर 1990 मध्ये पृथ्वीजवळून गेलं तेव्हा त्याची उपकरणं मुद्दाम आपल्याकडे वळवली होती. पाणी दिसलं, भरपूर ऑक्सिजन दिसला, आणि त्याच्यासोबत मिथेनसुद्धा.