बार्बाडोसला उतरायचं कुठे? आधी किनारा, मग खोली

तिकिटं काढून झाली की घरातलं कोणीतरी फोनवर हॉटेलांचे फोटो बघायला लागतं आणि घोळाला तिथेच सुरुवात होते. निळा पूल, पांढरी चादर, चादरीवर टॉवेलचा हंस. तो हंस बालीत, फुकेतला आणि बार्बाडोसला अगदी सारखाच दिसतो. म्हणून यादीतलं पहिलं काम हे, की फोटो मिटवा आणि बेटाचा नकाशा उघडा. वेस्ट इंडीजमधलं हे बार्बाडोस जेमतेम ३४ किलोमीटर लांब आणि २३ किलोमीटर रुंद आहे. क्षेत्रफळ ४३० चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण बृहन्मुंबईएवढं. एवढ्याशा बेटावर कुठेही उतरलं तरी काय फरक पडतो, असं मलाही वाटलं होतं. फरक पडतो, आणि तो वारा पाडतो.

इथे वारा पूर्वेकडून येतो, जवळजवळ वर्षभर. पूर्वेला आफ्रिकेपर्यंत मध्ये काही नाही, नुसता अटलांटिक. त्यामुळे पूर्व किनाऱ्यावर बाथशिबाला लाटा येतात त्या थेट अंगावर. वाळूत घराएवढे खडक उभे आहेत, पायथ्याशी झिजून छत्रीसारखे झालेले. सर्फिंगवाले तिथे जीव टाकतात, बाकीच्यांनी पाण्यात उतरायचं नाही, ओढ भयंकर आहे. पश्चिम किनारा वाऱ्याच्या आड. होलटाउन, पेन्स बे, स्पाइट्सटाउन, तिथला समुद्र सकाळी अक्षरशः तळ्यासारखा असतो. आणि दक्षिण किनारा या दोघांच्या मधला: हेस्टिंग्ज, वर्दिंग, सेंट लॉरेन्स गॅप, ऑइस्टिन्स. लाटा आहेत, पण अंगाशी खेळणाऱ्या.

तेव्हा कागदावर आधी माणसं लिहा. पोहायला न येणारी किती, पायऱ्या न चढणारी किती, रात्री बाहेर पडायची हौस असणारी किती. आमच्या कागदावर बहात्तर वर्षांची आई, सात आणि अकराची दोन मुलं आणि ‘मला काहीही चालेल’ म्हणणारा नवरा होता. (असं म्हणणाऱ्या माणसाला काहीही चालत नाही, हे वेगळं लिहायला नको.) फक्त पाणीच बघायचं असतं तर पश्चिमेला गेलो असतो. पण पश्चिमेला महागडे व्हिला आणि उंची हॉटेलं जास्त, आणि संध्याकाळी चालत चालत भाजी-ब्रेड घेऊन यावा असं वातावरण कमी. दक्षिणेला दुकानं, बस, फुटपाथ सगळं हाताशी. हेस्टिंग्जपासून रॉकलीपर्यंत समुद्राच्या कडेने लाकडी फळ्यांचा रस्ता आहे, आईच्या सकाळच्या फेरीचा प्रश्न त्याच्यावर सुटला. आम्ही वर्दिंगजवळ घर घेतलं आणि शांत पाण्यासाठी दोन दिवस पश्चिमेला जाऊन आलो. उलटं, म्हणजे राहायला पश्चिमेला आणि रोजच्या गरजांसाठी दक्षिणेला, हे खर्चात पडतं. नवं लग्न झालेलं जोडपं असेल आणि पैशाची फिकीर नसेल तर माझं ऐकू नका, पेन्स बेला जा. पूर्वेला दोन रात्री राहावं ते फक्त वाचायला आणि झोपायला.

बाजू ठरली की पॅरिश बघा. बेटाचे अकरा पॅरिश आहेत, आपल्या तालुक्यांसारखे, आणि तिथला माणूस पत्ता सांगताना पॅरिश सांगतोच. क्राइस्ट चर्च म्हणजे दक्षिण, सेंट जेम्स म्हणजे पश्चिम, सेंट जोसेफ म्हणजे पूर्व. जाहिरातीत ‘बीचजवळ’ लिहिलंय आणि पॅरिश सेंट जॉर्ज आहे, तर हसा आणि पुढे चला. सेंट जॉर्जला समुद्रच लागत नाही.

मग कॅलेंडर. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत कोरडी हवा, ब्रिटनमधून थंडीला कंटाळून आलेली गर्दी आणि चढे दर. नाताळात बरीच हॉटेलं ‘किमान इतक्या रात्री’ अशी अट घालतात, ती बारीक अक्षरांत असते. १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा मोसम. बार्बाडोस बेटांच्या मुख्य माळेपासून थोडं पूर्वेला, बाजूला पडलेलं असल्यामुळे बरीच वादळं त्याला चुकवून जातात. पण जातातच असं नाही. २०२४ साली २९ जूनला आपण ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकलो, रोहितने खेळपट्टीवरचं गवत तोंडात टाकलं, आणि नंतर टीम हॉटेलात अडकून पडली ती आठवते ना? ते बेरिल वादळ. डोळा दक्षिणेकडून निघून गेला तरी विमानतळ बंद झाला आणि ब्रिजटाउनच्या कोळ्यांच्या होड्यांचा चुराडा झाला. मरीन ड्राइव्हवरची मिरवणूक निघाली ४ जुलैला. त्यांच्यासाठी खास विमान आलं, आपल्यासाठी येणार नाही. म्हणून जून ते नोव्हेंबरमध्ये जायचं असेल तर पैसे परत मिळतील अशीच खोली घ्या. आणि ‘परत’ म्हणजे खात्यात परत की पुढच्या वर्षीसाठी कुपन, हे लेखी विचारून घ्या.

कॅलेंडरमध्ये आणखी एक गोष्ट आहे जी जाहिरातीत कधीच नसते. तिचं नाव सारगॅसम. तपकिरी रंगाचं तरंगतं समुद्री शेवाळ. २०११ पासून ते अटलांटिकमधून प्रचंड प्रमाणात वाहत येतं, वसंतात आणि उन्हाळ्यात जास्त. किनाऱ्यावर साचून कुजलं की सडक्या अंड्याचा वास सुटतो. वाऱ्यामुळे ते पूर्वेला आणि दक्षिणेला लागतं, पश्चिम किनारा बहुतेक वेळा सुटतो. मार्च ते ऑगस्टमध्ये दक्षिणेला उतरणार असाल तर घरमालकाला ‘या आठवड्यातला किनाऱ्याचा फोटो पाठवा’ असं सरळ सांगा. चांगला मालक पाठवतो. जो गेल्या वर्षीचा पाठवतो त्याच्याबद्दल आणखी काही जाणून घ्यायची गरज नाही.

समुद्रापासूनचं अंतर हा वेगळा मुद्दा, कारण त्यात मी स्वतः तोंडावर आपटले आहे. ही आमची पहिली खेप. ‘बीचपासून दोन मिनिटं’ असं लिहिलं होतं. खोटं नव्हतं. त्या दोन मिनिटांत भरधाव वाहता मुख्य रस्ता होता, फुटपाथ फक्त पलीकडे, आणि हातात दोन मुलं, एक छत्री, फुगवलेला मगर. रोज चार वेळा ते करून बघा. तेव्हापासून मी उपग्रह नकाशावर खोलीपासून वाळूपर्यंत बोटाने चालून बघते. रस्ता ओलांडावा लागतो का, वाळूत उतरायला पायऱ्या आहेत का खडक, मध्ये दुसऱ्या कुणाचं कुंपण आहे का. बार्बाडोसमधले सगळे किनारे सार्वजनिक आहेत, बड्या हॉटेलासमोरचेसुद्धा. त्यामुळे वाळूला लागून खोली घेण्यासाठी दुप्पट पैसे मोजायचे का, हा प्रश्न स्वतःला एकदा विचारा.

पैशाच्या बाबतीत पहिला प्रश्न: डॉलर म्हणजे कुठला डॉलर? बार्बाडोसचे दोन डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक, हा दर १९७५ पासून बांधलेला आहे. दुकानात दोन्ही चालतात आणि तोंडी भाव सांगताना लोक नुसतं ‘डॉलर’ म्हणतात. टॅक्सीला मीटर नसतो, तेव्हा बसण्यापूर्वी रक्कम आणि डॉलरची जात दोन्ही ठरवा. खोलीच्या भाड्यावर कर, सेवाशुल्क आणि दर रात्रीची लेव्ही वेगळी लागते. शेवटची एकूण रक्कम दिसल्याशिवाय दोन घरांची तुलना करू नका. हे दुखणं जुनंच आहे. १७५१ साली एकोणीस वर्षांचा जॉर्ज वॉशिंग्टन आपल्या आजारी सावत्रभावाला हवापालटासाठी इथे घेऊन आला होता. त्यांनी ब्रिजटाउनजवळ घर भाड्याने घेतलं, आणि डायरीत नोंद आहे: महिना १५ पौंड, दारू आणि धुणं वेगळं. ते घर अजून उभं आहे, बघता येतं.

आता खोलीच्या आत. एसी आहे का यापेक्षा वारा येतो का हे विचारा. जुन्या घरांना लाकडी झडपांच्या खिडक्या असतात. पूर्वेकडून वारा आत आला की पंखासुद्धा लागत नाही. पश्चिमेला तोंड केलेली खोली सूर्यास्तासाठी झकास, पण दुपारी तापते. खिडकीला जाळी हवीच, डेंगी तिथेही आहे. आवाजाचीही चौकशी करा. सेंट लॉरेन्स गॅपमध्ये रात्री उशिरापर्यंत गाणी वाजतात. जिथे गाणी नाहीत तिथे बेडूक आहेत. बोटाच्या पेराएवढे, झाडावर बसणारे, आणि अंधार पडला की शिट्ट्या मारणारे. पहिल्या रात्री आई उठून बसली, ‘कुणाचा तरी अलार्म वाजतोय, बंद करायला सांगा.’ मी तिला गॅलरीत नेलं. काळोखात शंभर शिट्ट्या एका लयीत चालू होत्या. पाचदहा मिनिटं ऐकत उभी राहिली आणि म्हणाली, ‘पावसाळ्यात आपल्याकडे ओरडतात ते बरे, निदान बेडूक आहेत हे कळतं.’ तिसऱ्या रात्रीपासून तिला त्याशिवाय झोप येईना.

नळाचं पाणी पिण्याजोगं आहे. बेट प्रवाळाच्या चुनखडीचं, त्यातून गाळून आलेलं पाणी. पण उत्तरेकडच्या आणि पूर्वेकडच्या गावांत पाणी जायची तक्रार जुनी आहे. तिकडे राहणार असाल तर ‘वर टाकी आहे का?’ हा आपला हुकमी प्रश्न लाज न बाळगता विचारा.

स्वयंपाकघर असलेलं घर घ्या, हे मी शाकाहारी नसतानाही सांगते. बेटावर बरंचसं अन्न बाहेरून येतं, त्यामुळे हॉटेलात तिन्ही वेळा जेवलं की खिसा रिकामा होतो. ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ पॅकेजमध्ये दारू न पिणारा, मांस न खाणारा माणूस दुसऱ्यांचं बिल भरत असतो. शाकाहाऱ्यांनी आणखी सांभाळायचं. ‘राइस अँड पीज’ नावाचा साधा दिसणारा भात पुष्कळदा खारवलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा घालून शिजवतात. विचारल्याशिवाय सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते मांस नव्हे, मीठ. त्याऐवजी रोटी शोधा. हरभरा-बटाट्याची करी गुंडाळलेली ही रोटी त्रिनिदाद-गयानाकडून आली आणि इथे घरचीच झाली. बाजारात ब्रेडफ्रूट दिसलं की थांबा. तो आपला नीरफणस. आईने तो बघितला आणि तिची रत्नागिरी जागी झाली. काप करून, तिखटमीठ लावून, रव्यात घोळवून तव्यावर. रवा नव्हता, तिथलं मक्याचं पीठ वापरलं, त्याचा ते भेंडी घालून कूकू करतात. वास शेजारच्या बाईंपर्यंत गेला. त्या अख्खा नीरफणस विस्तवावर भाजतात. त्या दिवशी कुंपणावरून बश्यांची देवघेव झाली. खोली निवडताना शेजार निवडता येत नाही, पण वस्तीतलं घर घेतलं तर तो मिळण्याची शक्यता तरी असते.

सामानात मसाल्याचा डबा, छोटा कुकर. भारतातून मिक्सर नेऊ नका, वीज ११५ व्होल्ट आहे आणि प्लग अमेरिकन पद्धतीचे चपटे. शुक्रवारची संध्याकाळ स्वयंपाकाला सुट्टी म्हणून मोकळी ठेवा, ऑइस्टिन्सला मासे भाजतात आणि सगळं गाव जमतं. दक्षिणेला राहत असाल तर बसने जाऊन बसने परत येता येतं.

म्हणजे बसथांबा किती लांब, हेही यादीत आलंच. सरकारी निळ्या बस, पिवळ्या मिनीबस आणि पांढऱ्या, मरून पट्ट्याच्या ‘झेडआर’ व्हॅन. या शेवटच्या म्हणजे वडाप. दार सरकतं, गाणं आदळतं, आणि ‘अजून एक बसेल’ हे वाक्य तिथेही आहे. थांब्यावरच्या गोल पाटीवर फक्त ‘टू सिटी’ किंवा ‘आउट ऑफ सिटी’ एवढंच असतं, सिटी म्हणजे ब्रिजटाउन. मुलांना दुसऱ्या दिवशी पाठ झालं. गाडी भाड्याने घेणार असाल तर आपल्यासारखीच डावीकडून चालते, परमिट गाडी देणारेच काढून देतात. मात्र घरापाशी पार्किंग आहे का बघा, गल्ल्या अरुंद आहेत.

किरकोळ पण विसरू नये असं: लष्करी छापाचे कपडे, मुलाची टोपीसुद्धा, घरी ठेवा, बार्बाडोसमध्ये कायद्याने बंदी आहे. किनाऱ्यावर लाल पट्टा रंगवलेलं झाड दिसलं की त्याच्या सावलीत बसू नका. ते मँचिनील. फळ छोट्या हिरव्या सफरचंदासारखं, विषारी, आणि पावसात पानांवरून गळणाऱ्या पाण्यानेही कातडीवर फोड येतात. मालकाला विचारा, अंगणात किंवा वाटेवर आहे का. भारतीय पासपोर्टला बार्बाडोसचा व्हिसा आधी काढावा लागत नाही, पण वाट बहुधा लंडनवरून किंवा अमेरिकेवरून जाते. तिथल्या ट्रान्झिट व्हिसाची चौकशी खोलीचे पैसे भरण्याआधी करा.

आणि शेवटच्या दिवशीचं आधी ठरवा. खोली सकाळी सोडायची आणि विमान संध्याकाळचं, असं असतं. सामान ठेवायला जागा, अंघोळीला बाहेरचा नळ आणि ओले कपडे वाळवायला दोरी आहे का, हे बुकिंगच्या वेळी विचारलं की मालक हो म्हणतात, निघताना विचारलं की विचारात पडतात. आम्ही विचारलं नव्हतं. चार ओले पोहण्याचे पोशाख प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कुकरात कोंबले, शिट्टी लावून झाकण बंद केलं. सुरक्षा तपासणीतल्या बाईंनी ते उघडायला सांगितलं तेव्हा आईच पुढे झाली, कारण त्या कुकरचं झाकण तिच्याशिवाय कुणाला निघत नाही.