इ.स.पू. 331: एका प्राचीन वर्षाची घटनासूची कशी बांधायची

प्राचीन जगातल्या एखाद्या वर्षाच्या घटना गोळा करायला फार वेळ लागत नाही. त्या खरोखर त्याच वर्षात बसतात का, हे ठरवण्यातच सगळी मेहनत जाते. कारण त्या काळी ‘331’ असं कुणीच लिहीत नव्हतं. अथेन्समध्ये त्या वर्षीच्या आर्कनचं (शहराच्या मुख्य अधिकाऱ्याचं) नाव सांगत, बॅबिलोनचे लेखनिक राजाचं राज्यवर्ष मोजत आणि रोममध्ये वर्ष ओळखलं जाई दोन कॉन्सलच्या (दरवर्षी निवडल्या जाणाऱ्या सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या) नावांवरून. हे सगळं एका पट्टीवर आणायचं तर आधी एक न हलणारा खुंटा ठोकावा लागतो. इ.स.पू. 331 हे वर्ष सरावाला उत्तम, कारण त्यात असा खुंटा आहे: 20 सप्टेंबरच्या रात्रीचं खग्रास चंद्रग्रहण.

आधी तक्ता आखा. रकाने असे ठेवा: घटना, मूळ तारीख, ती कोणत्या पंचांगातली, आधार, रूपांतरित तारीख, ज्युलियन दिनांक-क्रमांक (एका ठरलेल्या प्राचीन दिवसापासून सलग मोजलेले दिवस), खात्री. मूळ तारखेचा रकाना कधीही पुसू नका. रूपांतर चुकलं तर त्याच्यावरूनच परत फिरता येतं. एक्सेलमध्ये काम करत असाल तर तारखेचे रकाने मजकूर म्हणून ठेवा; एक्सेल 1900 च्या आधीची तारीख ओळखत नाही. क्रमवारी लावायला दिनांक-क्रमांक वापरा.

आता ग्रहण शोधा. इथे पहिली चूक होते. इ.स.पू. 1 नंतर थेट इ.स. 1 येतं, मध्ये शून्य वर्ष नाही. खगोलशास्त्राच्या गणनेत मात्र शून्य वर्ष धरतात. त्यामुळे इ.स.पू. 331 हे ग्रहणांच्या कोष्टकात −330 या वर्षाखाली सापडेल. −331 टाकलंत तर इ.स.पू. 332 उघडेल आणि सप्टेंबरमधलं हे ग्रहण सापडणारच नाही.

दुसरी चूक पंचांगाची. प्राचीन तारखा इतिहासकार ज्युलियन पद्धतीनं, म्हणजे ज्युलियस सीझरच्या जुन्या पंचांगानं, देतात. काही सॉफ्टवेअर मात्र आजची ग्रेगोरियन पद्धत मागे ताणतं आणि या काळात दोन्हींत 5 दिवसांचा फरक पडतो: ज्युलियन 1 ऑक्टोबर म्हणजे ग्रेगोरियन 26 सप्टेंबर. साधन बरोबर लावलंय की नाही, हे तपासायला हे दोन आकडे जवळ ठेवा: 20 सप्टेंबर इ.स.पू. 331 (ज्युलियन) चा दिनांक-क्रमांक 1600788, आणि 1 ऑक्टोबरचा 1600799.

खुंटा बसला की पहिली मोठी नोंद टांगायची ती गौगामेलाच्या लढाईची, जिथे अलेक्झांडरनं पर्शियाचा राजा तिसरा दरायस याचा पराभव केला. तिला दोन स्वतंत्र आधार आहेत. पहिला ब्रिटिश म्युझियममधल्या बॅबिलोनी खगोल-रोजनिशीचा. तिच्या मातीच्या पाटीवर उलूलू महिन्याच्या 13 तारखेला ग्रहण आणि 24 तारखेला सकाळी लढाई नोंदलेली आहे. फरक 11 दिवसांचा. 20 सप्टेंबरमध्ये 11 मिळवले की 1 ऑक्टोबर. दुसरा आधार ग्रीक चरित्रकार प्लूटार्कचा. तो म्हणतो की ग्रहणानंतरच्या अकराव्या रात्री दोन्ही सैन्यं एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात होती. ग्रहणाची रात्र पहिली धरा (प्राचीन लेखक बहुधा दोन्ही टोकं धरून मोजतात), म्हणजे अकरावी रात्र 30 सप्टेंबरची येते आणि लढाई पुन्हा 1 ऑक्टोबरलाच. एकमेकांना न पाहिलेले दोन साक्षीदार एकाच दिवसावर येतात, तेव्हा खात्रीच्या रकान्यात निःशंक ‘पक्की’ लिहा. प्राचीन इतिहासात हे भाग्य क्वचित लाभतं.

बॅबिलोनचा दिवस सूर्यास्तापासून सुरू होई, हे मात्र विसरू नका. रात्रीच्या घटनेची तारीख नेहमी ‘20/21 सप्टेंबर’ अशी जोडून लिहा, नाहीतर बेरजेत एक दिवस सहज सरकतो. आपल्याला एक पडताळा घरबसल्या करता येतो. बॅबिलोन आणि अथेन्सचे महिने चांद्र होते, आपल्यासारखाच अधिक महिना घालून ऋतूंशी जुळवलेले. चंद्रग्रहण पौर्णिमेलाच होतं; म्हणून चांद्र महिन्यातली त्याची तारीख 13 ते 15 च्या आसपास आली नाही, तर वाचनात किंवा रूपांतरात कुठेतरी गफलत आहे.

अलेक्झांडरचा इतिहास लिहिणारा एरियन याच लढाईला अथेन्सचा पायानोप्सिऑन महिना देतो, प्लूटार्क बोएद्रोमिऑन, म्हणजे एक महिना आधीचा. दोघेही घटनेनंतर चारशेहून अधिक वर्षांनी लिहीत होते, त्यामुळे जुना कोण हे पाहून निवाडा होत नाही. ग्रहणाला बांधलेलं विधान मोजून तपासता येतं, म्हणून महिन्याच्या बाबतीत प्लूटार्क धरा आणि एरियनचा महिना मूळ तारखेच्या रकान्यात तसाच ठेवा. एरियननं दिलेला आर्कन मात्र बरोबर आहे: अॅरिस्टोफानिस. अथेन्सचं वर्ष साधारण उन्हाळ्याच्या मध्यावर बदलतं, म्हणून आपलं 331 दोन आर्कनांत विभागलं जातं. पूर्वार्ध निकेतिसचा, उत्तरार्ध अॅरिस्टोफानिसचा. ऑलिंपियाडचा (दोन ऑलिंपिक खेळांमधल्या चार वर्षांचा) हिशोबही तसाच. इ.स.पू. 776 पासून चार-चार वर्षं मोजली की 112 वं ऑलिंपियाड 332 च्या उन्हाळ्यात सुरू होतं. 331 चा पूर्वार्ध त्याचं पहिलं वर्ष, उत्तरार्ध दुसरं. नुसत्या आर्कनवरून किंवा ऑलिंपियाडवरून तारीख मिळाली, तर ‘332/331’ किंवा ‘331/330’ असं जोडूनच लिहा.

हीच लढाई ‘अर्बेला’ नावानंही येते. अर्बेला, आजचं एर्बिल, रणांगणापासून बरंच दूर आहे. नाव वेगळं म्हणून दोन नोंदी करू नका. ग्रहणाच्या स्थानिक वेळांवरही भरवसा ठेवू नका. प्राचीन भूगोलज्ञ आणि खगोलज्ञ टॉलेमीनं हेच ग्रहण अर्बेलात पाचव्या तासाला आणि आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरच्या कार्थेजमध्ये दुसऱ्या तासाला दिसल्याचं धरलं. तीन तासांचा फरक म्हणजे 45 अंश रेखांश. प्रत्यक्षात अंतर सुमारे 34 अंशांचं. एका चुकीच्या वेळेनं नकाशावरचा भूमध्य समुद्र ताणला जातो तो असा.

अलेक्झांड्रियाच्या स्थापनेची नोंद जास्त अवघड आहे. परंपरेनं दिवस दिला आहे इजिप्तच्या तिबी महिन्याचा 25 वा. इजिप्तचं जुनं वर्ष नेमकं 365 दिवसांचं, लीप दिवस नसलेलं, म्हणून दर चार वर्षांनी एक दिवस मागे सरके. त्या वर्षाचा पहिला दिवस 14 नोव्हेंबर 332 ला पडला होता. तिबी पाचवा महिना; आधीचे चार महिने 30 दिवसांचे, म्हणजे 25 तिबी हा 145 वा दिवस. 14 नोव्हेंबरमध्ये 144 मिळवले की 7 एप्रिल 331. पण ही तारीख रोमन काळातल्या सुधारित पंचांगातली असेल, तर तोच दिवस 20 जानेवारीला येतो. त्यात एरियन स्थापना अलेक्झांडरच्या सिवाच्या (वाळवंटातल्या देवस्थानाच्या) यात्रेआधी सांगतो, तर डायोडोरस आणि कर्टियस हे इतिहासकार यात्रेनंतर. दोन्ही तारखा लिहा आणि खात्री ‘वर्ष पक्कं, दिवस वादातला’ अशी ठेवा. 7 एप्रिल एकटाच छापणाऱ्या याद्या वाचकाची दिशाभूल करतात.

राज्यवर्षांतही दोन हिशोब आहेत. बॅबिलोनी पाटीवर हे दरायसचं 5 वं वर्ष. टॉलेमीच्या राजावलीत (राजे आणि त्यांची वर्षं यांच्या यादीत) दरायसला फक्त 4 वर्षं मिळतात आणि 331 चा बहुतेक भाग अलेक्झांडरच्या 1 ल्या वर्षात पडतो, कारण इजिप्त आधीच त्याच्या हाती आला होता. दोन्ही बरोबर आहेत. कुठला आधार घेतला ते लिहिलं की पुरे.

रोमची नोंद सगळ्यात शेवटी घ्या. रोमन इतिहासकार लिव्हीनं सांगितलेला विषप्रयोगाचा खटला, ज्यात 170 स्त्रिया दोषी ठरल्या, याच वर्षाखाली छापला जातो. पण रोमची रूढ गणना 333, 324, 309 आणि 301 ही वर्षं कॉन्सलशिवाय ‘हुकूमशहाची वर्षं’ म्हणून भरते, आणि ती नंतर घुसवलेली मानली जातात. त्यातली तीन 331 च्या नंतर येतात. ती वगळली, तर हा खटला ग्रहणाच्या पट्टीवर सुमारे 328 ला सरकतो. म्हणून ती नोंद ‘331, रोमन रूढ गणनेनुसार’ अशीच करा आणि दिनांक-क्रमांकाचा रकाना कोरा सोडा.

स्पार्टाचा राजा तिसरा एगिस ग्रीसमधल्या मेगालोपोलिसला लढताना पडला, ती लढाई 331 च्या शरदातली की 330 ची, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. ती दोन्ही वर्षांच्या याद्यांत एकाच मजकुरानं घाला आणि दोन्हीकडे दुसऱ्या यादीचा उल्लेख ठेवा. एकीतला मजकूर बदलला की दुसरीतलाही लगेच बदला.